चिलापी-हटाव रविवार

२ फेब्रुवारी, पहाटे
चौथीत पाटीवर पेन्सिलीचा ठेका धरून सारा वर्ग कविता म्हणायचा. टक्-टक्, टक्-टक्. आज त्याच आवाजाने जाग आली. पंखाच तो, पण शुभशकुन.
काल वैष्णवी आली होती. मासे वाचवणाऱ्या मंडळाची पोर. आपल्या पालीच्या तळ्यात चिलापी माजलीय. बाहेरून आलेली मासळी, इथल्या माशांची अंडी खाते. गावाने एक दिवस गळ टाकून पकडायची, परत सोडायची नाही. गावाला समजवायचं कोणी? मी. तारीखही मीच दिली : रविवार, सोळा. पोस्टात जन्म गेला, तारखेत माझी चूक होत नाही.

६ फेब्रुवारी
कविता सुरू. ‘परक्या मीना, जा माघारी.’ वैष्णवी म्हणते, आप्पा, माघारी नको, तेच तर टाळायचंय. पण यमक सुरेख आहे.

९ फेब्रुवारी
घरोघर फिरलो. शेजारची सावित्री म्हणाली, चिलापी खातंय कोण वो, चिखलाचा वास मारतो. कविता काढली तर तिचं दूध उतू जायला लागलं. धोंडूकडे काढली तर त्याला फोन आला. वाजल्याचं ऐकू आलं नाही. हल्ली सायलेंट ठेवतात.

१५ फेब्रुवारी
ओटी झाडली. उद्या तळ्यावरून सगळे चहाला इथेच येणार. देवळातून खुर्च्या आणल्या, दूध जास्तीचं घेतलं. आमची ही, सुमती, गेल्यापासून ओटीवर कोणी चढलं नाही. लोक भिडस्त असतात.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
तळ्यावर मी, वैष्णवी आणि माइक. धोंडू रिक्षातून देवळात निघालेला, म्हणाला, आज संकष्टी ना वो आप्पा, गळ कोण हातात धरील?
घरी येऊन बघतो तर कॅलेंडरवर अजून जानेवारी. पान सुमती उलटायची.
कविता म्हटली मात्र. वैष्णवीने टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या पाण्यावरून फार लांब जातात.

१७ फेब्रुवारी
दूध नासलं. समाजकार्य बंद. ठाम.

१९ फेब्रुवारी, दुपार
शिवजयंतीची सुट्टी. सकाळी खुर्च्या देवळात पोचवल्या. जेवून पडलो होतो, कडी वाजली. दूधवाला या वेळी येत नाही.
दारात सावित्री, हातात बादली, बादलीत जिवंत चिलापी. म्हणाली, आज बुधवार, पोरांनी गळ टाकलान. परत सोडायची नाय म्हणून तुम्हीच सांगत फिरलात. आमच्यात कोण खात नाय. तर ही तुमची.
बादली टेकवून ती ओटीवर चढली, पदराने वारा घेत बसायला काही आहे का बघू लागली.
नव्हतं.