भाडेकरू मिळाला, एवढंच कळवायचं होतं

ती. दादा,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिन्यावर कुरकुरतो, असं वहिनींकडून कळलं. (माझे दोन्ही कुरकुरतात, एकमेकांना सोबत आहे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं समजावं.

निवृत्तीनंतर मी घरांच्या धंद्यात पाऊल टाकलं, हे आपल्या कानावर आलंच असेल. जन्मभर आरेखक म्हणून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. तेव्हा एखादं घर घेऊन भाड्यानं द्यावं आणि म्हातारपणी ऐटीत बसून खावं, असं मनात आलं. हिचा विरोध होता. "एक घर झाडता झाडता कंबर मोडली, आता दुसरं कशाला?" पण तोवर दलालानं मला शिष्य करून घेतलं होतं. त्याचा उपदेश एकच: "साहेब, भाड्याच्या घरात पैसा गुंतवायचा, जीव नाही." मी तो मनावर कोरून घेतला आणि दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गॅलरी असं घर घेतलं. बाथरूमचं दार आत उघडतं आणि बेसिनला अडतं, हे (इतकी वर्षं दारांचे कोन आखूनही) ताबा घेतल्यावर दिसलं. नुसतं दिसलं नाही. रंगारी निघून गेल्यावर मी त्याच दारामागे अडकून बसलो. हाका मारल्या, तर वरच्या मजल्यावरच्या बाई ओरडल्या की भाडेकरूशी काय भांडायचं ते हळू भांडा. शेवटी मी जेवायला का आलो नाही म्हणून ही शोधत आली आणि माझी सुटका झाली. हिनं ते घर पाहिलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा.

"भाडेकरू येण्याआधी घर जरा माणसात आणते," म्हणून ती मग रोज दुपारी तिकडे जाऊ लागली. मी खूश, बिनपगारी व्यवस्थापक मिळाला! लोक घर बघायला येऊ लागले. एक सॅक्सोफोन वाजवणारा ब्रह्मचारी आला. ही म्हणाली, याच्या हाती स्वयंपाकघर वाया जाईल. नवं जोडपं आलं. ही म्हणाली, ही दोघं एकमेकांकडेच बघणार, खिडकीतून बघणार कोण? एक कारकून सर्व बाजूंनी निर्दोष होता. तेच तिला खटकलं. दलाल मेटाकुटीला आला. "साहेब, बाईंना आवरा, नाहीतर रिकामं घर पोसत बसा."

म्हणून आवरायला गेलो. दाराला आतून कडी. बेल वाजवली, तरी उघडायला वेळ लागला. (आपल्याच मालकीच्या दाराबाहेर पायपुसणं बघत उभं राहण्यात एक निराळंच शिक्षण आहे.) आत खाट, एक खुर्ची, हिचं शिलाई मशीन आणि खिडकीत उपडं ठेवलेलं पुस्तक.

"हे काय?" मी म्हणालो.

"भाडेकरू मिळाला."

"कोण?"

"मी."

मी हसलो. ती हसली नाही.

"लग्न होऊन आले तेव्हा आपली खोली म्हणजे पडद्याच्या अलीकडची जागा," ती म्हणाली. "मग पुढची खोली सासूबाईंच्या आजारपणाला गेली, मधली मुलांच्या अभ्यासाला. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली, तर ती तुमच्या नकाशांना. रुसायचं झालं तर मी स्वयंपाकघरात रुसायचे, आणि तिथंही कुणीतरी पाणी मागायला यायचं. इथं दार लावलं, तर का लावलं म्हणून कुणी विचारत नाही."

आवाजात राग नव्हता. मी मनातल्या मनात आमच्या घराचा नकाशा आखून पाहिला, दादा. प्रत्येक खोलीत कुणाचं ना कुणाचं नाव लिहिता आलं. हिचं कुठं लिहावं ते सुचेना.

"आणि मी?" एवढंच विचारलं.

"तुम्ही मालक. मालकानं न विचारता यायचं नाही."

तिनं चहा दिला, तो मी उभ्यानं प्यायलो, आणि तिनं दार हलक्या हातानं लावून घेतलं.

तेव्हापासून ती तिथंच आहे. शिवणाच्या कमाईतून वेळेवर भाडं देते. दलाल म्हणतो, असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. इकडे आता सगळ्या खोल्या माझ्या आहेत, आणि मी एकीतून दुसरीत जातो. दूध रोज उतू जातं. तेव्हा धंद्याच्या दृष्टीनं पाहता गुंतवणूक यशस्वी झाली आहे. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
घरमालक

ता. क. – तिला समजवायला आपण कृपा करून येऊ नये. थोरल्या भावाचा शब्द ती मोडणार नाही, मुकाट्यानं परत येईल; आणि मग दार कुठलं लावेल?

आणखी एक ता. क. – तिची दुसरी खोली रिकामी आहे. काल मी बेल वाजवून, पोटभाडेकरू म्हणून मला ठेवता येईल का, असं रीतसर विचारलं. तिनं बराच विचार केला. म्हणाली, ओळखीच्या माणसानं भरवसा दिल्याशिवाय घरात कुणाला घ्यायचं नाही. तरी माझ्या वर्तणुकीबद्दल आपण दोन ओळी लिहून पाठवाव्यात. घोरण्याचा उल्लेख नको, ते तिला ठाऊक आहे. पण 'हा माणूस दार वाजवून, थांबून, मगच आत येतो' एवढं वाक्य जरूर घालावं. ते अजून पुरतं खरं नाही. आपलं उत्तर येईपर्यंत मी सराव करतो आहे.