तंबूत लागलेली झोप

बाबा, गेल्या शनिवारी मी मुलीला घेऊन डोंगरावर तंबूत झोपायला गेलो होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, घर असताना बाहेर कोण झोपतो. आता लोक मुद्दाम सुट्टी काढून झोपतात. साखळीच्या पुढे एका काजूच्या बागायतीत मालकाने तंबूंसाठी जागा करून ठेवली आहे. हिच्या वर्गातलं कुणीतरी जाऊन आलं, म्हणून हिलाही जायचं होतं. नऊ वर्षांची आहे. ती मागेल त्याला मी सध्या हो म्हणतो, कारण नाही म्हणायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. धारगळला हायवेवर माझं टायरचं दुकान आहे. तुम्ही गेल्यावर घातलं, म्हणजे तुम्हाला तेही ठाऊक नाही. आत्ता दुपार आहे, गिऱ्हाईक नाही, म्हणून बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर हे लिहीत बसलो आहे.

तुम्ही न पाहिलेली तुमची सून गेल्या मे महिन्यात गेली. झोपेत गेली. डॉक्टर हृदय म्हणाले. त्या सकाळी मी तिच्या शेजारून उठलो, चहासुद्धा मागितला नाही, निजू दे म्हटलं आणि चपला हातात घेऊन बाहेर पडलो. उठवायला गेली ती मुलगी. हाका मारून मारून शेवटी तिनेच शेजारच्या काकींना बोलावून आणलं. त्या दिवसापासून ती रात्री झोपत नाही. मी कधीही मान वळवावी तर तिचे डोळे उघडे. शाळेत मात्र बाकावर डोकं टेकून झोपते. बाईंनी मला दोनदा बोलावून घेतलं, असंच चाललं तर पोर आजारी पडेल म्हणाल्या. मग मी एक युक्ती काढली. मी झोपलोय असं दिसलं तर तीही झोपेल, म्हणून रोज दिवा मालवला की न हलता, श्वाससुद्धा हळू घेत पडून राहायला लागलो. तसंही मला झोप येत नव्हतीच. रडूही येत नाही. लोक म्हणतात, धीराचा माणूस. धीर बीर काही नाही बाबा, आत काही हलतच नाही.

जाताना तो खाणीचा रस्ता लागला. तुम्ही ट्रक चालवायचात तेव्हा तिथे खनिज भरायच्या नदीतल्या बार्जपर्यंत ट्रकांची रांग असायची, आता दोन्ही बाजूंना रान माजलंय. मुलीला म्हटलं, आजोबा इथे ट्रकाखाली झोपायचे. तिला खोटं वाटलं. खरं तर मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर न्यायचात तेव्हाची माझी सगळी आठवण झोपेचीच आहे. रांग तासन् तास हलत नाही, वर ऊन मी म्हणतंय, आणि तुम्ही आईच्या जुन्या लुगड्याची झोळी ट्रकाच्या पोटाखाली बांधताय. झोळी माझी. तुम्ही खाली, जमिनीवर. आडवं होण्याआधी तुम्ही तळहात मातीवरून फिरवता, बोटाला लागेल तो खडा वेचून बाहेर टाकता, मग गोणपाट पसरता. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो, गाडी चालू झाली तर काय करायचं म्हणून. तुम्ही खिशातून चावी काढलीत आणि माझ्या मुठीत दिलीत.

"चावी तुज्याकडे आसा. तू देयशी नाय तवसर गाडी हलाची नाय. नीज आता."

मी निजलो. त्यानंतर कितीतरी दुपारी तसा निजलो. मग एक दिवस तुमच्या आधी मला जाग आली आणि बार्ज बघायला म्हणून मी चावी घेऊन नदीकडे गेलो. परत येतो तर रांग पुढे सरकलेली, मागचे सगळे हॉर्न दाबतायत, आणि तुम्ही ट्रकाभोवती वाकून वाकून मला शोधताय. एकच थप्पड मारलीत. संध्याकाळी हॉटेलात तुमच्यासमोरची पातळभाजी आणि पाव माझ्याकडे सरकवलात आणि स्वतः नुसता चहा प्यालात. दुसऱ्या दिवशी चावी पुन्हा माझ्या हातात दिलीत. पण त्यानंतर मी त्या झोळीत खरा कधी झोपलो नाही. डोळे मिटून, न हलता पडायचो आणि तुमच्या हालचालीवर कान ठेवायचो. झोपेचं सोंग मी तिथे शिकलो. तुम्हाला ते कळत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

तंबूसाठी मी हवेची गादी विकत घेतली होती. पोरीला आराम वाटावा, एवढाच विचार. खोक्यावर लिहिलं होतं, गादी थोडी मऊ ठेवा. पण हात पडला टायरवाल्याचा. पंप लावला, अंगठ्याने दाबून बघितलं, अजून थोडी, अजून थोडी, असं करत ट्रकाच्या चाकासारखी टणक केली. मुलगी वर बसली ती घरंगळून खालीच आली. मग दोघंही सांभाळून आडवे झालो आणि शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. मी तिला म्हटलं, टायरवाल्याच्या गादीची हवा गेली हे शाळेत सांगू नको हां. ती म्हणाली, सोमवारी सगळ्यांका सांगतलंय. हसली पण. मला हसू यायला हवं होतं, एवढं कळलं.

गाडीत ताडपत्री होती आणि घरून आणलेली एक गोधडी. गादी बाहेर टाकली, तंबू उचलून बाजूला केला आणि खालच्या जमिनीवरून हात फिरवला. काजूची वाळलेली पानं पसरली, वर ताडपत्री, वर गोधडी, आणि तंबू पुन्हा त्यावर उभा केला. मुलगी बॅटरी धरून बघत होती. दाराच्या बाजूने गार वारा येत होता, तिला माझ्या आणि कापडाच्या मध्ये झोपवलं, आणि नेहमीसारखा मी न हलता पडलो. पुढचं मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा तंबूच्या कापडावर ऊन होतं आणि ती माझ्या दंडावर डोकं ठेवून तोंड उघडं टाकून झोपली होती. मी हात काढला नाही. हात बधिर झाला, तरी काढला नाही. माझी नजर तिच्या पोटावर होती, वर खाली होतंय ना ते बघत. बागायतीचा मालक चहा घेऊन आला, त्याला खुणेने परत पाठवलं.

ती उठली तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. मी विचारलं, झोप कशी लागली इतकी. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चुकीचं विचारलं.

"घरात तू गपचूप पडान असतस. तुजो आवाजच येना नाय," ती म्हणाली. "आई पण तशीच पडान होती. मगे माका जागा रव्हाचा लागता. काल तू घोरी होतस."

आठ महिने, बाबा. आठ महिने मी तिच्या शेजारी तसा पडून होतो, आणि तिला झोप लागावी म्हणून करत होतो. हे ऐकल्यावरही माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी ताडपत्रीची घडी घातली, पानं बाहेर झाडली, तिला दात घासायला पाणी दिलं. तिने विचारलं, आजपण घोरशी मा? मी हो म्हटलं. ते काय माझ्या हातात आहे.

काल शाळेत बाई भेटल्या, सुधारतेय म्हणाल्या. तुम्हीच काहीतरी केलं असेल, असंही म्हणाल्या. मी मान हलवली. पण तंबूतल्या त्या रात्री मी तिच्यासाठी झोपलो नव्हतो. पाठ जमिनीला टेकली आणि मनात आलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. त्या घटकेला मला ती आठवत नव्हती, तिची आई आठवत नव्हती, कुणीच नाही. आणि बाबा, मला फार बरं वाटलं.