शेणात कालवलेलं पाणी

माय,

सकाळी परदेशात उतरले. बचत गट आणि बिनधुराची चूल, अशा विषयावर इथं परिषद आहे. उद्या मला बोलायचंय. पहिल्यांदा विमानात बसले, तर छातीत धडधडायला पाहिजे होतं. काहीच झालं नाही. हॉटेलात नळ सोडला, गरम पाणी येईपर्यंत थंड पाणी तसंच वाहत राहिलं आणि मी बघत उभी. पुंडलिकनगरात आमच्याकडं आठवड्यानं नळ येतो, तिथं असं केलं असतं तर स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या.

भाषणात पहिला फोटो तुझाच आहे. गोबरगॅसच्या शेगडीवर चहाचं पातेलं, खाली निळा जाळ, बाजूला तू. हसताना तुझे दात दिसतात असा तेवढा एकच फोटो.

तो टँकरचा उन्हाळा. चितेगावच्या पुढं आपली वस्ती, आणि मी बचत गटांचं काम बघणारी नवी बाई. गटातून बसवलेले सगळे गोबरगॅस बंद पडले होते, कारण शेणात तितकंच पाणी कालवावं लागतं. बाहेरचे पाहुणे बघायला येणार होते. साहेब म्हणाले, एक तरी चालू दाखवा, नाहीतर तुमची नोकरी अवघड आहे. मी तुझ्याकडं आले.

"येडी झालीस का गं? गुरं-शेरडं तहानंनं वरडायलीत, आन् मी शेणाला पाणी पाजू?" मग माझं तोंड बघितलंस. "कवा येणारेत ते?"

महिनाभर तू रोज दोन बादल्या पाणी गोबरगॅसच्या टाकीत ओतलंस. मधेच चार शेरडं विकलीस. "म्हातारी झाली व्हती," म्हणालीस. काय म्हातारी, त्यातली एक तर गाभण होती! पाण्यापायी विकलीस हे मला कळलं होतं, पण मी गप्प बसले. पाहुणे आले, जाळ पेटला, टाळ्या झाल्या. एकानं घागरीतून भसाभसा हात धुतले, तेव्हा तू त्याच्याकडं नाही, खाली जिरणाऱ्या पाण्याकडं बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले, तर तू जुन्या चुलीपुढं फुंकणी घेऊन खोकत बसलेली. "झालं का तुजं काम? मंग बास." मी अहवालात लिहिलं, रोज वापर होतो. मी कायम झाले. तुझा खोकलाही कायम झाला, आणि त्यातच तू गेलीस. डॉक्टरांनी धूरच सांगितला.

उद्या हे सगळं सांगून टाकावं म्हणून दुपारी भाषणाचा कागद काढला. रडूही येईना. शेवटी एकच बदल केला. फोटोखाली 'माझी आई' लिहिलेलं होतं. कुणी विचारलं, आई आता कशी आहे, तर काय सांगू? ते खोडलं आणि 'एक लाभार्थी महिला' लिहिलं.