चिनूच्या बारशाचा व्हिडिओ

रघू,

होणाऱ्या सुनेला साडी घ्यायला चिकपेटला जातेय. चिनू अक्काकडे आहे.

रविवारी मुलीकडची माणसं आली की टीव्हीवर चिनूच्या बारशाचा व्हिडिओ लावायचाय. त्याआधी त्यातून संहिताला काढ. तुमचा घटस्फोट झाला, आता तिचं तोंड कशाला बघायचं? खालच्या रंजिताने एक फुकटचं सॉफ्टवेअर सांगितलंय. सोपं आहे, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवरही अडकत नाही म्हणे. दरमहा पैसे मागणारं घेऊ नकोस. एका बाईला कापायला भाडं कसलं भरतोस? फुकटच्यात कोपऱ्यात कंपनीचं नाव येतं, येऊ दे. तिच्यापेक्षा बरंच दिसेल.

तिने चिनूला मांडीवर घेतलंय तिथे स्वल्प जपून काप. पोर दिसलं पाहिजे. हात राहिले तर राहू देत, हातांना कोण ओळखतंय? बांगड्या आपल्याच आहेत, परत घेतल्यात मी.

तिने म्हटलेला पाळणा मात्र काढू नकोस. तो आवाज कानावर पडल्याशिवाय चिनू अजून झोपत नाही. पाहुण्यांनी विचारलं तर आजीने म्हटलाय म्हणून सांग. चिनूलाही तेच सांगायचं.

आई