संजूला काहीच का दिले नाही

मी, ग्यानीराम सोविंदा पटले, वय एकसष्ट, धंदा पूर्वी फोटोग्राफीचा, आता काही नाही, राहणार मौजा दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूसच नाही; माझी पत्नी गोमती चार वर्षांपूर्वी वारली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दवनीवाड्यातील माझे दोन खोल्यांचे घर, पडवी व मागची मोकळी जागा मी २००९ साली स्वकमाईतून घेतली. ती वडिलोपार्जित नाही, म्हणून कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क माझा एकट्याचा. हे घर मी माझी सून रविता हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. माझा एकुलता एक मुलगा संजू याला घरात, ठेवीत किंवा कोणत्याही वस्तूत हिस्सा देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. कारण पुढे येईल, पण त्याआधी माझे स्वतःचे सांगावे लागेल.

२. तिरोड्याला बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. २००० साली बँकेचे कर्ज काढून रंगीत फोटो छापण्याचे मशीन आणले. तीन-चार वर्षांत डिजिटल कॅमेरे आले आणि ते मशीन भंगाराच्या भावाचे झाले. हप्ते थकले. गोंदियाच्या एका वकिलाने सांगितले, नादारीचा अर्ज टाका, कर्ज फेडण्याची ऐपत नाही असे कोर्टाला कळवा, सगळे मिटते. त्याचे नाव लिहीत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, त्याचे पैसे आले नाहीत. ते माफ.

सगळे मिटत नाही. कोर्टाने मला नादार ठरवले आणि माझी मालमत्ता रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेली. तिरोड्याचे घर विकले गेले. भांडी, अंथरूण आणि पोटाचे साधन म्हणून एक कॅमेरा तेवढा ठेवू दिला. सरकारी देणे होते तसेच राहिले. शिवाय नादारीतून सुटकेचा आदेश मिळेपर्यंत पन्नास रुपयांची उधारी घ्यायची तरी दुकानदाराला आधी सांगावे लागते की मी नादार आहे. दवनीवाड्यात भाड्याने राहायला आलो तेव्हा मी चुन्नीलालच्या किराणा दुकानात उभा राहून हे वाक्य म्हणत असे. लोक मान वळवून पाहत. चुन्नीलाल दर वेळी ऐकू न आल्यासारखे करून तांदूळ तोलत असे.

लग्नाची कामे बंद झाली. जातीतल्याच एका घरी वराच्या मामाने सांगितले की मांडवात दिवाळखोराचा कॅमेरा नको. आमंत्रणही पुढे आले नाही. गोमती म्हणाली, बरे झाले, आहेर वाचला. त्या दिवशी ती जेवली नाही.

३. बँकेच्या कर्जाला माझा मित्र जागेश्वर कटरे जामीन होता. तो बोदलकसाकडच्या शाळेत मास्तर होता. आम्ही लहानपणी एका पाटीवर शिकलो. नादार सुटतो, जामीनदार सुटत नाही, हे मला कोर्टातल्या एका कारकुनाने अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी सांगितले. मी तसाच जागेश्वरकडे गेलो. म्हटले, अर्ज टाकत नाही.  तो म्हणाला, "तू टाक. माहा पगार सुरू आहे. मी पाहून घेतो."

२००७ साली माझी सुटका झाली. त्याच्या पगारातून कपात त्यानंतरही तीन-चार वर्षे चालू होती. त्याने मला एक शब्द ऐकवला नाही. फक्त येणे बंद केले. बाजारात दिसलो तर मान हलवायचा आणि सायकल पुढे काढायचा. भांडला असता तर मी पाय धरले असते. न भांडणाऱ्याचे काय धरायचे? कॅमेऱ्यावर पुन्हा कमाई सुरू झाल्यावर मी मनीऑर्डर पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. गोमतीच्या तेरवीला तो आला, मागच्या पंगतीत जेवला आणि न भेटता गेला.

म्हणून पोस्टातील माझी सगळी ठेव मी जागेश्वरला देतो. मेलेल्याची मनीऑर्डर परत करता येत नाही. तरीही त्याने नाकारली तर ती त्याची पत्नी निर्मलाबाई हिला द्यावी. ती मला भाऊजी म्हणत असे.

४. आता संजूचे. गोंदियात त्याचे मोटारसायकलींचे दुकान होते, ते बुडाले. यंदा तान्ह्या पोळ्याला तो आला आणि म्हणाला की तोही नादारीचा अर्ज टाकणार आहे. त्याआधी दुकान रविताच्या नावाने करतो आणि मेव्हण्याचे तेवढे पैसे फेडतो. मी सांगितले, असे करू नको. अर्जाच्या तोंडावर एकाचेच देणे फेडले, किंवा आधीच्या दोन वर्षांत मालमत्ता घरच्यांच्या नावावर फिरवली, तर कोर्ट ते रद्द करते आणि नियत वाईट धरते.

तो म्हणाला, "बाबूजी, तुमी सोता हेच केलं न. मंग मले काऊन अडवून राहिले?"

"अडवून नाई राहिलो. मले जे कोनी सांगतलं नाई, ते सांगून राहिलो."

"मंग हे घर माह्या नावानं करा."

"नाई करत."

पुढचे त्याने ऐकले नाही. चहा तसाच ठेवून गेला. तेव्हापासून फोन नाही. बापाने बेदखल केले, असे तो लोकांना सांगतो, हे माझ्या कानावर आले आहे.

न ऐकलेले ते असे: नादार ठरल्यापासून सुटका होईपर्यंत त्याच्या वाट्याला जे येईल, बापाचे घर धरून, ते रिसीव्हरकडे जाते. मी त्या काळात मेलो आणि घर संजूला दिलेले असले, तर मी ते संजूला दिलेच नाही असे होईल. रविताला दिले तर तिचे राहील. तिने कोणत्याही कर्जाला जामीन म्हणून सही करू नये, नवऱ्याने हात जोडले तरी. आणि संजूने कोर्टाने दिलेल्या मुदतीत सुटकेचा अर्ज स्वतः करावा. ती आपोआप मिळत नाही. मुदत चुकली तर नादारी रद्द होते आणि सगळे घेणेकरी पुन्हा दारात उभे राहतात.

५. कॅमेरा नात योगेश्वरीला. स्टुडिओत छापून ठेवलेले, लोकांनी न नेलेले फोटो दोन पेट्यांत आहेत. संध्याकाळी मी ते काढून बसतो. ज्यांची नावे आठवतात त्यांच्याशी चार शब्द बोलतोही. डॉक्टरांना हे सांगितले आहे. ते म्हणाले, चालेल. ज्यांचे चेहरे ओळखू येतील त्यांच्या घरी ते फुकट पोचवावेत. चुन्नीलाल या पत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून त्याला काही देता येत नाही. त्याला ते समजेल.

६. या पत्राची अंमलबजावणी रविताने करावी. माझी तेरवी करू नये. वैनगंगेवर नेण्याचीही गरज नाही, गावची मोक्षभूमी पुरे.

अग्नी संजूने द्यावा. नादार माणसाचे घर जाते, दुकान जाते, पत जाते. बापाला अग्नी देण्याचा हक्क कोणत्याही रिसीव्हरला घेता येत नाही. तो पूर्णपणे संजूचा आहे आणि मी तो दुसऱ्या कोणालाही देत नाही. त्याला यायला उशीर झाला तर लोकांनी घाई करू नये. थांबावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ग्यानीराम सोविंदा पटले (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. चुन्नीलाल टेंभरे, किराणा दुकानदार, दवनीवाडा (सही)
२. सुशिलाबाई रहांगडाले, निवृत्त परिचारिका, दवनीवाडा (सही)

मुक्काम दवनीवाडा, दिनांक १२ सप्टेंबर २०१४