मागचा वारा
तिलक नगर, मंगळवार संध्याकाळ

आंधी थांबली, पण मला चैन नाही. निखिल जहाजावर नोकरीला लागल्यापासून रोज फोनवर विचारते, वारा कुठून आहे रे? तो म्हणतो, "मागून आहे, आई." मी म्हणते, "बरं झालं, लवकर पोचशील." सीतापुऱ्याच्या कॉलेजातून स्कूटरवर घरी येताना वारा पाठीशी असला की किती बरं वाटतं! मला वाटलं, तसंच.

आज चहा पिताना सतीश ऑफिसात आलेल्या एका बुडालेल्या जहाजाच्या विम्याच्या दाव्याबद्दल सांगत होता. "समोरच्या लाटेला जहाज तोंड देतं गं. मागून जोराचा वारा असला की लाटाही मागून येतात. मग सुकाणू ऐकत नाही, जहाज आडवं फिरतं आणि नंतरची लाट त्याला उलटवते."

मागून?

"मग मला इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"तुला बरं वाटत होतं ना."

मतलब, बापलेक दोघांनाही माहीत होतं! इतकी चिडले की कप तसाच ठेवून उठले. तेवढ्यात निखिलचा फोन. आवाज दमलेला. वारा कुठून, विचारलंच मी.

"मागूनच आहे, आई."

सतीश माझ्याकडे बघत होता.

"बरं झालं," म्हटलं, "लवकर पोचशील."