आईला आवडलेली घंटा

डीमन, १४ सप्टेंबर २०२०

चि. देवदत्तला ताईचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. बाबा जेवतात ना?

"खोकल्याने आईला बोलवत नाही," म्हणालास, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही सुट्टीला गेलो होतो, जर्मनीतल्या त्या समुद्रकाठच्या इवल्या गावातून मी रोज तुझ्या फोनवर निरोप पाठवले. आई शाळेत भूगोलाच्या बाई, तिलाच भरती-ओहोटी सांगायची मला केवढी हौस! जुनं गाव पुरात बुडालं, म्हणून आता घरं उंचवट्यावर आहेत, तेही सांगितलं. "आईने दोनदा ऐकलं," असं तू लिहायचास.

आणि आई मी तिथे पोचायच्या आदल्याच दिवशी गेली होती.

विमानं बंद, येता आलं नसतं, म्हणून महिनाभर लपवलंस म्हणे. लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस सुतक असतं रे. त्याच तीन दिवसांत मी तिथे तळलेले मासे खाल्ले, फोटो पाठवला. त्यावर तू "मस्त" लिहिलंस.

त्या पुरात चर्चमधला म्हातारा गळ्याशी पाणी येईपर्यंत घंटा वाजवत राहिला, लांबच्या माणसांना कळावं म्हणून. "आईला घंटेची गोष्ट फार आवडली," हे तुझं उत्तर.

आई नव्हती, म्हणजे ती तूच ऐकलीस. आणि ऐकूनही गप्प राहिलास.

बाबांना जप. 'तुझीच' हा शब्द आज लिहवत नाही.

ताई